तू सांगितलेला सिनेमा

शमीम, तुझ्या घरी रडायला आलेल्या बायकांत मला जागा कुठे मिळाली, सांगू? दाराशी. चपलांच्या शेजारी. सोफ्यावर तुझी जेद्दाहून आलेली नणंद, तिच्या बाजूला दापोलीकडच्या तुझ्या नात्यातल्या सगळ्या बायका, मग बिल्डिंगमधल्या शेजारणी, आणि मग मी. कुणीतरी कॉफीचा कप हातात देताना हळूच विचारलं, "आप कौन?" आता काय सांगू? नणंदेला नणंद म्हणता येतं, मावसबहिणीला मावसबहीण. मी म्हटलं, "क्लास वाली." तिनं मान हलवली आणि खजुराचं ताट पुढच्या बाईकडे नेलं.

खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी जळफळाट झाला. जी ती सांगत होती, शमीम माझ्यावर किती जीव लावायची. एकीला म्हणे तू बाळंतपणात डिंकाचे लाडू करून नेले होतेस. दुसरीच्या मुलांना कुराण वाचायला शिकवलंस. तिसरीला गाडी शिकवलीस. माझ्या मनात आलं, अगं, हिच्यावर जीव, तिच्यावर जीव, मग माझ्या वाटणीला काय राहिलं? सकाळी ओट्याशी भांडी विसळताना तू खाली बसलीस ती उठलीच नाहीस, हे मला संध्याकाळी कळलं. तोपर्यंत हॉस्पिटल झालं होतं, कागद झाले होते, पुरुष तुला कबरस्तानात घेऊन गेले होते. बायका तिथे जात नाहीत हे मला माहीत आहे. पण निदान फोन तरी आधी यायला हवा होता. तुझ्या फोनमध्ये माझं नाव कुठल्या नावानं आहे कोण जाणे.

बायकांनी कुराणाचे भाग आपसांत वाटून घेतले होते आणि जी ती पुटपुटत आपापला भाग वाचत होती. मी नुसती बसून ऐकत होते. मध्येच एखादा शब्द ओळखीचा यायचा. घर. पाणी. आई. असा शब्द कानावर पडला की माझं कोपर आपोआप बाजूला जायचं, तुला ढोसायला. कळला गं मला हा शब्द! बाजूला चपला होत्या.

तुझ्याशी ओळख झाली तीच मुळी जळण्यानं. इथल्या ओलाया भागातली ती काचेची बिल्डिंग, चौथ्या मजल्यावरचा संध्याकाळचा बायकांचा अरबीचा वर्ग. मुलगा कॉलेजसाठी पुण्याला गेला होता, मिलिंदचं बँकेचं काम रात्र झाली तरी संपायचं नाही, घर खायला उठायचं, म्हणून मी नाव घातलं. पहिल्या दिवशी उस्ताझानं, म्हणजे आमच्या इजिप्शियन बाईंनी, सगळ्यांना पुस्तकातला पहिला धडा वाचायला लावला. मी अलिफ, बे करत बोटानं ओळ धरून चालले होते. घाम फुटला होता मला. आणि मग तू वाचलंस. अगं बाई! काय ते उच्चार, काय तो गळा! पार आतून येणारे ते घोगरे आवाज, जे काढताना मला खोकला यायचा, ते तू असे काढलेस की उस्ताझा खुर्चीतून उठली. "माशाल्ला, माशाल्ला" करत तिनं तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, आता सांग, याचा अर्थ काय?

तू अगदी शांतपणे इंग्रजीत सांगितलंस की मला एका शब्दाचाही अर्थ माहीत नाही.

वर्ग हसला. उस्ताझाला वाटलं तू विनय करते आहेस. पुढचे कितीतरी दिवस तिला तसंच वाटत राहिलं, आणि मलाही. घरी सोडताना तू गाडीत मला समजावलंस, "आमच्याकडे समद्यांचा असाच असता गो. सहा वर्षांची होते तवापासून वाचतय. वाचता येता, समजत नाय. आता एकदा समजून घ्यायचा हाय." मी मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. इतकं सुंदर वाचणाऱ्या माणसाला समजत नाही, हे माझ्या साताऱ्याच्या डोक्यात शिरेचना. आमच्याकडे वाचणं आणि समजणं एकाच दिवशी शिकवतात.

हो, आणि गाडी. तीही तूच चालवायचीस. जुनी, पांढरी, डाव्या दाराला पोचा आलेली. किंग फहद रोडवर लोक अंगावर गाड्या घालतात आणि तू एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं शेंगदाणे खायचीस. मी लायसनचा फॉर्म आणून कपाटात ठेवलेला. मला तुझा तेव्हाही राग यायचा. वर्गानंतर त्या खिडकीवरच्या टपरीशी गाडी लावून कडक चहा घ्यायचो आपण, कागदी कपात, आणि तो मुलगा "यल्ला मॅडम" म्हणत कप द्यायचा तोही तुझ्याच बाजूनं.

मग तो सिनेमा आला.

उस्ताझाची एक पद्धत होती. ती वर्गात टीव्हीवर अरबी सिनेमा लावायची आणि खाली इंग्रजी ओळी येतात ना, त्यांच्यावर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवायची. वाचायचं नाही, ऐकायचं. सिनेमा मुक्या चित्रपटांच्या काळातला होता, म्हणजे सिनेमाबद्दलचाच सिनेमा. समुद्रकाठचं एक गाव. तिथे तंबूत पडदा लावतात, त्यावर पाणी मारतात, मशीन हातानं फिरवतात. पुढे पुरुष बसतात, पडद्यामागे बायका. बायकांना सगळं उलट दिसतं, डावा माणूस उजवीकडे. आणि पडद्याच्या कडेला एक म्हातारा काठी घेऊन उभा. चित्र हललं की तो मोठ्यानं सांगतो काय चाललंय ते, कारण मध्ये मध्ये जी अक्षरांची पाटी येते ती गावात कुणाला वाचता येत नाही. पुढच्यांना सांगून झालं की पडदा बाजूला करून मागच्या बायकांना सांगतो. एवढं मलाही चित्रावरून कळलं. पुढे जो तो भराभर बोलायला लागला तशी मी तुझ्या कानाशी लागले. "काय म्हणतोय? काय झालं?"

आणि तू सांगायला लागलीस. हळू, कुजबुजत, पण एकदाही न अडखळता. म्हाताऱ्याची बायको भांडून माहेरी गेलीय. तिच्या आठवणीनं त्याचे डोळे सारखे भरून येतात, म्हणून तो डोळे चोळतो बघ. लोकांना दुसऱ्यांच्या प्रेमाच्या गोष्टी सांगतो आणि स्वतःची कुणाला सांगत नाही. मग बोलपट येतात. पडदाच बोलायला लागला म्हटल्यावर या म्हाताऱ्याला कोण विचारणार? तंबूचा मालक त्याची काठी काढून घेतो. आणि शेवटी, रिकाम्या तंबूत, एक बाई गाठोडं घेऊन येते आणि त्याचा हात धरते. "आली गो ती," तू म्हणालीस, "नांदायला आली परत." मी ओढणीत तोंड घालून हमसून हमसून रडले. पुढच्या बाकावरची फिलिपिनो नर्स वळून बघायला लागली.

पुढच्या आठवड्यात प्रत्येकीनं उभं राहून त्या सिनेमाविषयी अरबीत बोलायचं होतं. काय आवडलं, का आवडलं. मी चार दिवस खपले. मिलिंदला आरशासमोरून हाकललं. पहिला नंबर हट्टानं मी लावला, कारण तुझ्यानंतर बोलले असते तर माझं कोण ऐकणार? आणि मी सुरू केलं. हा सिनेमा मला फार आवडला. कारण तो एका माणसाचा आहे, ज्याची बायको त्याला सोडून गेली. तो रडतो. पण बायकोचं त्याच्यावर प्रेम आहे. ती परत येते.

उस्ताझा म्हणाली, "कुठली बायको?"

मी म्हटलं, शेवटी येते ती. गाठोडंवाली.

"ती त्याची बहीण आहे," उस्ताझा म्हणाली. म्हाताऱ्याची नजर गेली होती. तो रडत नव्हता, त्याला दिसत नव्हतं. पाट्या वाचता येईनात म्हणून तो मनानंच गोष्टी रचून सांगत होता आणि लोकांना त्या खऱ्यापेक्षा जास्त आवडत होत्या. हाच सगळा सिनेमा होता. शेवटी बहीण त्याला गावी न्यायला येते. बायको नावाचं माणूस त्या सिनेमात औषधालाही नव्हतं.

वर्ग जो हसला म्हणतेस! सुदानची ती अबोल बाईसुद्धा हसली. मी उभी होते, कान लाल, आणि तू, शमीम, माझ्या शेजारी बसून टेबलाकडे बघत होतीस. मग तू उठलीस. मला वाटलं आता माफी मागशील, सांगशील की चूक माझी. तू तुझ्या त्या गळ्यातून, सावकाश, बहुतेक चुकीच्या व्याकरणात म्हणालीस: त्याला दिसत नव्हतं. मला समजत नव्हतं. पण शेजारचं माणूस विचारत होतं, मग पुढे काय. म्हणून आम्ही दोघं सांगत राहिलो.

उस्ताझानं अबायाच्या बाहीनं डोळे पुसले. म्हणाली, वर्गात आजवर कुणी या सिनेमाविषयी इतकं चांगलं बोललं नाही.

बघितलंस? फजिती माझी, टाळ्या तुला! चार दिवस मी घोकलं, आणि तू तीन वाक्यांत माझी फजितीसुद्धा पळवून नेलीस. परतताना मी गाडीत तोंड फुगवून बसले. तू चहाच्या खिडकीशी गाडी थांबवलीस तर मी कप घेतला नाही.

"तुला कळत नव्हतं तर गप्प बसायचं होतंस," मी म्हटलं.

"तू इचारलास."

"मग माहीत नाही म्हणायचं!"

"पहिल्याच दिवशी म्हटला होता गो. तुम्ही कोणी मानलात?" आणि मग शेंगदाण्याचं साल फुंकत तू म्हणालीस, "तुझ्या डोळ्यांत पानी आला का नाय? मग पिच्चर खोटा कसा?"

यावर आपण किती भांडलो. मी म्हणायचे, चूक ती चूक. पाणी आलं म्हणून बहिणीची बायको होत नाही. तू म्हणायचीस, तंबूतल्या लोकांना तरी कुठे खरं माहीत होतं. मी म्हणायचे, ते अडाणी होते. तू म्हणायचीस, आणि आपण कोण? वर्गाची पातळी बदलली, रमजान येऊन गेला, माझं लायसन झालं, तरी भांडण तेच. मध्येच फोन करून नमस्कार-चमत्कार न करता मी सुरू व्हायचे, "आणि एक सांग, बायको होती तर तिला म्हाताऱ्यानं ओळखलं कसं नाही?" आणि तू पलीकडून, कुकरच्या शिट्टीतून, "ओळखला! चेहरा बघितलास नाय तू!" शेवटचं ठरलं होतं की एक दिवस पट्टी काढून पुन्हा बघायचा, इंग्रजी ओळींसकट, आणि कायमचा निकाल लावायचा. तू म्हणालीस, पाहुणे गेले की बघू. पाहुणे गेले. मग तू गेलीस.

एक गोष्ट मी तुला कधी बोलले नाही. एकदा वर्गाला जाताना तू गाडी बाजूला घेऊन थांबलीस. मी म्हटलं, काय झालं? तू म्हणालीस, आज नमाजात एक ओळ समजली. वाचता वाचता आपोआप समजली. इतकी वर्षं तोंडात होती आणि आज कळला ती काय म्हणते. आणि तू स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलीस. मी तुझ्या पाठीवर हात फिरवला, चांगलं झालं गं म्हटलं. पण आतून काय वाटत होतं सांगू? मी अरबी शिकले ती एसीवाल्याशी आणि सामान पोचवणाऱ्या पोरांशी भांडायला. तुला तर तुझंच काहीतरी परत मिळत होतं. मला असं परत मिळण्यासारखं काय आहे, हे मी पुढे कितीतरी दिवस शोधत होते. तुझ्या शेजारी बसून ते बघायला मिळालं, एवढं मात्र माझं. ते त्या सोफ्यावरच्या कुणालाही मिळालेलं नाही.

परवा तुझ्या नवऱ्याचा, इक्बालभाईंचा फोन आला. "वहिनी, जरा येऊन जाल काय? झोया कोणाशी बोलत नाय. खोलीतून भायेर येत नाय." पाठोपाठ म्हणाले, "तुमचा इचारत होती. तो पिच्चर म्हणते." तुझी झोया. चौदा वर्षांची, तुझंच नाक, पण मराठीत विचारलं तर इंग्रजी-हिंदी मिसळून उत्तर देणारी.

खोटं का बोलू, मला जावंसं वाटेना. तुझ्या सगळ्या गोष्टी सगळ्यांच्या झाल्या होत्या. लाडू, कुराण, गाडी. तो कुजबुजलेला सिनेमा तेवढा फक्त माझ्या कानात होता. चुकीचा, पण अख्खा माझा. तो कशाला कुणाला द्यायचा? तरी गेले. जाताना किराणा दुकानातून पुठ्ठ्याचं खोकं मागून घेतलं.

शुक्रवारची दुपार होती. घरात सामसूम. झोयानं टीव्हीवर तो सिनेमा शोधून ठेवला होता. मी खोकं कापून पट्टी केली आणि खाली चिकटवली.

"आंटी, सबटायटल्स का झाकले?"

"तुझ्या आईनं असाच बघितला."

ती उशी पोटाशी धरून बसली. मी सांगायला सुरुवात केली, तू सांगितलं होतंस तसं, शब्दाला शब्द. बायको रुसून गेलीय. म्हातारा डोळे चोळतोय बघ. झोया शाळेत अरबी शिकते, तिला माझ्यापेक्षा बरं कळतं. जरा वेळानं म्हणालीच, "ही इज गोइंग ब्लाइंड, आंटी. डॉक्टरने अभी बोला."

"गप्प बस. आठवणीनं रडतोय तो."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. अगदी थोडं. आणि मग म्हणाली, "मम्माने मला दुसरी स्टोरी सांगितली होती."

ऐकलंस? दुसरी! म्हणजे मुलीसाठी वेगळा सिनेमा केला होतास तू. माझा जो जळफळाट झाला तो त्या दाराशीसुद्धा झाला नव्हता. मी विचारलं, कसली दुसरी?

झोयानं सिनेमा थांबवला, थोडा मागे नेला. पडद्यामागच्या बायकांचं दृश्य. खूप बायका बसल्यात, आणि एका कोपऱ्यात एक जाडसर बाई हात वर करून काहीतरी बोलतेय. क्षणभरच दिसते. मी तिला आधी कधी बघितलंच नव्हतं.

"ये लेडी," झोया म्हणाली. "मम्मा बोलली, ही रोज येते आणि रोज भांडते. असं नाही, तसं नाही, तू चुकीचं सांगतोस. ओल्ड मॅन को कुछ दिखता नहीं, ही इज सो टायर्ड, पण तो थांबत नाही. क्यूंकी रुक गया ना, तो ये लेडी जीत जाएगी." मग ती म्हणाली, "मम्मा हर बार इस पे हसती थी. म्हणायची, हिच्याशिवाय मजा नाय."

मी पडद्याकडे बघत राहिले. बाईचा हात वरच होता, तोंड उघडं. दिसायला काही खास नाही. असल्या बाईत तुला काय मजा वाटली, शमीम? आणि वाटली तर मला सांगायची होती. मला का नाही सांगितलीस? मला बायकोची गोष्ट आणि हिला ही?

"मग? पुढे काय म्हणाली आई?" मी विचारलं.

"इतनाही. एंड नहीं बताया. म्हणाली, तो आम्ही दोघी बघू तेव्हा ठरेल." झोयानं सिनेमा पुन्हा सुरू केला. "वो दोघी म्हणजे तुम और मम्मा."

बोलपट आले. मालकानं काठी काढून घेतली. तंबू रिकामा झाला. म्हातारा एकटा बाकावर बसला होता, आणि दारातून ती गाठोडंवाली बाई आत आली. मी थांबले. बायको म्हणू की बहीण? पट्टी काढली असती तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. झोयानं उशी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "देन? देन क्या हुआ, आंटी?"

तुझी शपथ, मी ठरवून काही बोलले नाही. तोंडातून आलं ते असं: ही त्याची बायको नाही. बहीण पण नाही. पडद्यामागची ती भांडकुदळ बाई आहे ही. तंबू बंद पडला, लोक घरी गेले, पण हिचं भांडण अर्धं राहिलंय. म्हणून आलीय त्याला न्यायला. म्हणते, चल, असा कसा उठून गेलास?

"आंटी, दॅट्स टोटली राँग," झोया म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. माझ्या मांडीवर डोकं ठेवून कितीतरी वेळ तशीच पडून राहिली, मग म्हणाली, भूक लागली.

तिला खिचडी करून घातली. तुझ्या ओट्याशी, तुझ्या कुकरमध्ये.

शमीम, शेवट मी तुझ्यापेक्षा चांगला सांगितला. वर्गातल्या कुणालाही विचार, उस्ताझाला विचार. पटत नसेल तर ये आणि भांड.